चोवीस तारखेच्या आत बाटली

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९:१०

कपाटात एक जुनं, कोरं लॉगबुक सापडलं. त्यात लिहिते आहे. पंपहाऊसच्या कंट्रोल रूममध्ये तासाला एकदा टाकीची पातळी आणि पंपांचा दाब टिपायचा, आणि मधल्या वेळात खुर्ची सोडायची नाही. मग माणसाने दुसरं काय करायचं?

नोटीस लागली आहे. चोवीस तारखेपासून तीन दिवसांचा निवासी कोर्स. जो पास होईल तो शिफ्ट-इन-चार्ज. म्हणजे पाळ्या बंद, दहा ते पाच, स्वतःची केबिन. आमच्याकडून एकच नाव जाणार आणि अनुभवाने ते माझं आहे. मोठ्या साहेबांनी फोनवर विचारलं, जमेल ना, घरी तान्हं बाळ आहे. मी म्हटलं, न जमायला काय झालं?

नोटिशीच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय: प्रत्येकास स्वतंत्र खोली. हे वाक्य मी चार वेळा वाचलं. अर्थात मी जाते आहे ती करिअरसाठी.

अडचण एकच, तीही किरकोळ. धाकटा सात महिन्यांचा आहे आणि बाटली तोंडात घेत नाही. पाळणाघर रस्त्यापलीकडेच आहे. तिथल्या ताई त्याला दहाला आणि एकला इथे आणतात, फिटरकाका वीस मिनिटं माझ्या खुर्चीत बसतात, मी बॅटरीरूममध्ये जाऊन त्याला पाजते. कोर्सच्या गावी ताई काही येणार नाहीत. तेव्हा बाटली शिकवणं आलं. हातात एकवीस दिवस आहेत. एवढ्यात लोक पोहायला शिकतात.

आठवड्यात विषय संपवायचा. आवाज चढवायचा नाही.

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळी ६:४०

बाटली दाखवली. दारावर आलेल्या सेल्समनकडे बघावं तसं धाकट्याने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून हसला. मग निपल जिभेने बाहेर ढकललं. सगळं दूध माझ्या बाहीत. एकूण प्रतिसाद चांगला. ओळख झाली.

बुधवार, ५ मार्च

दोष निपलचा आहे. फार कडक. मऊ आणलं.

गुरुवार, ६ मार्च. (साप्ताहिक सुट्टी. कशाची ते माहीत नाही.)

फार मऊ झालं.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी १२:२०

घरात आता चार प्रकारच्या बाटल्या आहेत. धाकट्याने चारही नाकारल्या. नाकारलेलं दूध थोरली पिते. थोरली साडेतीन वर्षांची, तीही त्याच पाळणाघरात जाते, आणि दीड वर्षापूर्वीच तिची बाटली सुटली होती. कालपासून तिला बाटलीशिवाय झोप येत नाही. नवरा म्हणाला, हे तर उलटंच झालं. त्याला सगळ्यात वाईटच तेवढं दिसतं. वास्तविक घरातल्या दोन मुलांपैकी एक मूल बाटलीने दूध पितं, म्हणजे मोहीम निम्मी यशस्वी.

पाळणाघरातल्या ताईंना म्हटलं, तुम्ही जरा प्रयत्न करा. त्या म्हणाल्या, तुम्ही समोरच्या खिडकीत बसलेल्या असताना तो कशाला बाटली घेईल हो? त्याला वास येतो तुमचा. एक दिवस नीट लांब जा, भूक लागली की घेईल मुकाट्याने. पंधरा मिनिटांत.

ताईंचा अनुभव फक्त बावीस वर्षांचा आहे. शिवाय प्रत्येक बाळ वेगळं असतं, हे त्यांना कोण सांगणार? धाकट्याचा माझ्यावर फार जीव आहे. त्याला असं सोडून जाणं मला जमायचं नाही. म्हणजे चोवीसला जमेल. तोवर नाही.

शनिवार, ८ मार्च. दुपारी ४:३०, बाथरूम

नवा संकल्प. रोज दहा मिनिटं फक्त स्वतःसाठी. आजपासून. धाकटा झोपलाय, थोरलीला चित्रं काढायला बसवलंय. कडी लावून पालथ्या बादलीवर बसले आहे. शांत वाटतंय.

४:३२. थोरलीने दाराबाहेरून विचारलं, आई, तू काय करतेस. म्हटलं, काही नाही. तिने विचारलं, मग बाहेर का करत नाहीस.

४:३४. दाराखालच्या फटीतून चार बोटं आत आली आहेत. हलवून दाखवते आहे. मग एक खडू आला. मग एक चपटं केलेलं बिस्कीट, आईला भूक लागली असेल म्हणून. मला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी असं वाटलं की या खोलीला खिडकी असती तर मी तिच्यातून उतरून गेले असते. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं कोण जाणे.

४:३५. धाकटा उठला. पाच मिनिटं मिळाली. सरासरी काढली तर वाईट नाही.

सोमवार, १० मार्च. संध्याकाळी ५:१५

माझी पाळी सात ते तीन. तीनला उशीररावांनी येऊन मला सोडवायचं. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण हे जास्त खरं आहे. आमच्याकडे नियम असा, की पुढच्या माणसाने रजिस्टरमध्ये 'चार्ज घेतला' लिहून सही केल्याशिवाय मागच्याने खुर्ची सोडायची नाही. आग लागली तरी नाही. आग लागली तर मुळीच नाही.

उशीरराव आज चार पन्नासला आले. म्हणे चप्पल तुटली. फिटरकाका आज रजेवर, आणि मी तीनला येईनच म्हणून ताई पाळणाघरातच थांबलेल्या. तीन ते पाच मी खुर्चीत. साडेतीनला खिडकीतून धाकट्याचं रडणं ऐकू यायला लागलं. रस्ता वीस पावलांचा आहे. चारला माझं अंगावरचं दूध ब्लाऊजमधून पाझरायला लागलं. फाईल छातीशी धरून पातळी लिहिली. टाकी ८१ टक्के. उशीररावांनी आल्या आल्या विचारलं, पंखा बंद आहे का, तुम्ही एवढ्या घामाघूम कशा.

एक मात्र सुचलं. नियम किती सुंदर आहे! इथे निदान कोणीतरी सही करून तुम्हाला सोडवतं तरी. घरी मला कोण सोडवतं? घरी रजिस्टरच नाही, हीच खरी गोम आहे.

मंगळवार, ११ मार्च

घरी चार्ज रजिस्टर सुरू केलं. दाराजवळच्या टेबलावर, दोरी बांधलेल्या पेन्सिलीसह. मुलांचा चार्ज ज्याच्याकडे, त्याने दुसऱ्याची सही झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. सगळ्यांना बसवून नियम समजावला. थोरलीने फार लक्ष देऊन ऐकला. नवरा चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांना अक्षरं वाचून दाखवायला लावतो, पण स्वतः सही अशी करतो की कागदावर डास मेलाय असं वाटावं. त्याने विचारलं, बाथरूमला जाताना पण सही का. म्हटलं, हो. त्याने सही केली आणि गेला. गरीब आहे बिचारा.

चोवीसला मी जाईन तेव्हा हे घर घड्याळासारखं चालेल. बाटली तेवढी राहिली.

गुरुवार, १३ मार्च

वाटीने पाजून बघितलं. चमच्याने बघितलं. वाटी थोरलीने डोक्यावर घातली.

शुक्रवार, १४ मार्च. सकाळी १०:५०



सकाळी सव्वासहाला मी आंघोळ करून बाहेर आले. घर शांत. रजिस्टर बघितलं: आजची तारीख मी कालच घालून ठेवली होती, तिच्यापुढे ताजी सही. वेडीवाकडी, डास मेलेली. म्हणजे नवऱ्याने चार्ज घेतला. तो आतल्या खोलीत असणार. पर्स उचलली, दार ओढून घेतलं, चार जिने उतरले, बसस्टॉपकडे निघाले. कोपऱ्यावर समोरून नवरा आला. हातात दुधाची पिशवी.

 त्याने विचारलं, मुलांपाशी कोण आहे. मी म्हटलं, तू आहेस, तू सही केलीस. तो म्हणाला, मी कुठे सही केली, मी बाथरूमच्या दारावर टकटक करून सांगितलं होतं दूध घेऊन येतो म्हणून, माझी सही नव्हती म्हणूनच तर बिनधास्त गेलो, तू घर सोडून जाणार नाहीस म्हणून.

मग आम्ही धावलो. मी इतकी जोरात कधी धावले नव्हते. दुधाची पिशवी दुसऱ्या मजल्यावर फुटली. किल्ली त्याच्याकडे होती, पण त्याच्या हाताला कुलूप सापडेना.

धाकटा पाळण्यात, स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत. पाळण्याशेजारच्या खुर्चीवर थोरली, ताठ बसलेली, हातात ती पेन्सिल. चेहरा लाल. खुर्चीखाली ओल. आम्हाला बघून रडायला लागली. म्हणाली, आई आंघोळीला गेली आणि बाबा पण गेले म्हणून मी चार्ज घेतला. शी-शूला उठायचं होतं, पण सही करायला कोणीच आलं नाही.

अकरा मिनिटं.

मी तिला उचलून घेतलं आणि जमिनीवरच बसले. नवरा फडकं आणून खुर्चीखालचं पुसायला लागला. रागावला असता तर बरं झालं असतं.

कामावर अर्धा तास उशिरा पोचले. रात्रपाळीवाले म्हणाले, आता तुम्हीपण उशीरराव का.

शनिवार, १५ मार्च

रजिस्टर पद्धतीत मूलतः काही चूक नाही. ती तर तंतोतंत पाळली गेली. सुधारणा: सही फक्त शाईच्या पेनने.

नवऱ्याने रजिस्टर रद्दीत टाकलं.

सोमवार, १७ मार्च. सकाळी ११:३०

मोठ्या साहेबांचा फोन. उद्या नाव पाठवायचंय, नक्की ना. नक्की म्हटलं. बाळ बाटलीने पितं ना, मागच्या वेळी एका बाई कोर्स अर्धा टाकून परत आल्या होत्या. म्हटलं, छे हो, उत्तम पितो.

हे खोटं नाही. घडायच्या आधी सांगितलं, एवढंच.

मंगळवार, १८ मार्च. संध्याकाळी ७:००

प्रश्न वासाचा आहे ना? मग वास पुरवायचा. नवऱ्याला माझा गाऊन घालायला लावला, वर माझी ओढणी, आणि हातात बाटली. मी आत पलंगामागे लपले. धाकट्याने नवऱ्याच्या मिशा बघितल्या, मग गाऊन बघितला, आणि असा काही टाहो फोडला की थोरलीपण रडायला लागली. तेवढ्यात शेजारचे आजोबा दारात, काय झालं विचारायला. नवऱ्याने दार उघडलं. आजोबांनी नंतर येतो म्हटलं. अजून आलेले नाहीत.

नवऱ्याने गाऊन काढता काढता विचारलं, ताई म्हणतात तसं एकदा करून का नाही बघत. तू एक दिवस बाहेर जा. आईला बोलावतो, मीपण रजा टाकतो. मी म्हटलं, बाळाला उपाशी ठेवून? तो म्हणाला, मग चोवीसला काय करणार आहेस.

मी गाऊन धुवायला टाकला. 

गुरुवार, २० मार्च. संध्याकाळी ५:५०

सासूबाई काल आल्या. आज सकाळी आठला मला घराबाहेर काढलं. फोन ठेवून घेतला. चारच्या आत तोंड दाखवायचं नाही म्हणाल्या, चार पोरं वाढवलीत मी.

आठ तास! कित्येक महिन्यांत मिळाले नव्हते. यादी केली होती: केस कापणे, चपला, कोर्सचं पुस्तक वाचणे, एकटीने चहा. बागेत एका बाकावर बसले, सगळ्या बाबागाड्यांत डोकावले. एक बाई गाडी घेऊन दुसऱ्या बाकावर गेली. दहा वाजले तशी छाती दुखायला लागली. उन्हातून उठून समोर दिसलेल्या पहिल्या दारात शिरले. ते दातांच्या डॉक्टरांचं निघालं. वेटिंग रूम, गार, मऊ सोफा. बसले ती झोपलेच. रिसेप्शनवरच्या मुलीने हलवून उठवलं तेव्हा एक वाजला होता. कोणता दात, तिने विचारलं. कोणताच नाही असं कसं सांगणार? दात साफ करून घेतले. डॉक्टर म्हणाले, छान ठेवलेत. गेल्या सात महिन्यांत माझं कोणी केलेलं हे पहिलं कौतुक.

चारला जिने चढले. दारातच रडणं ऐकू येणार म्हणून मनाची तयारी केली होती. आत सगळे हसत होते. सासूबाईंनी सांगितलं, सव्वादहाला जरा कुरकुरला, मग अख्खी बाटली संपवली. एकला दुसरी. मग दोन तास झोप. नवरा म्हणाला, सुटलीस तू! जा आता बिनघोर. थोरलीने टाळ्या वाजवल्या.

मीपण हसले. मोहीम फत्ते. ठरल्या वेळेच्या चार दिवस आधी.

धाकट्याला जवळ घेतलं. छाती दगडासारखी झाली होती. त्याने दोन घोट घेतले, मान फिरवली आणि आजीच्या बांगड्यांशी खेळायला लागला. पोट भरलंय गं त्याचं, सासूबाई म्हणाल्या. मी बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि सगळं दूध बेसिनमध्ये पिळून काढलं. दाराखाली बोटं आली नाहीत.

शुक्रवार, २१ मार्च. दुपारी १२:१०

रात्रभर विचार केला. दोनदा बाटली संपवली म्हणजे सवय लागली, असं काही नाही. योगायोगही असू शकतो. कोर्सच्या दुसऱ्या दिवशी त्याने तोंड फिरवलं तर? सासूबाईंचा गुडघा दुखला तर? थोरलीने पुन्हा चार्ज घेतला तर? जबाबदार आईला चारही बाजू बघाव्या लागतात.

साडेअकराला मोठ्या साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, बाळ बाटली घेत नाही.

 ते म्हणाले, सोमवारी तर उत्तम घेत होता. म्हटलं, लहान मुलांचं काय सांगता येतं, सर. ते म्हणाले, वाईट वाटतं, तुमचं नाव मी स्वतः लिहिलं होतं. आता उशीररावांना पाठवतो. पुढचा कोर्स दीड-दोन वर्षांनी निघेल.

आयत्या बिळावर नागोबा. असो. दीड वर्ष म्हणजे काही फार नाही.

शनिवार, २२ मार्च. दुपारी ४:१०

घरी खरं कसं सांगायचं? म्हणून सांगितलं, ऑफिसने ऐन वेळी माझं नाव कापलं. वाटलं होतं, जाऊ दे म्हणतील. नवरा इतका कधी चिडला नव्हता. म्हणाला, तान्ह्या बाळाची आई म्हणून कापलं ना, हा अन्याय आहे, साहेबांचा नंबर दे. सासूबाई म्हणाल्या, वर अर्ज कर, मी सही करते. थोरलीने त्या साहेबांचं चित्र काढलं आणि त्यावर खडूने रेघोट्या मारल्या.

आपलेच दात, आपलेच ओठ. नवऱ्याला म्हटलं, नको रे, नोकरी करायची आहे मला तिथे. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, किती सहन करतेस तू. हा हात ठेवण्याची मी दोन वर्षं वाट बघत होते, आणि मला तो उचलून बाजूला ठेवावासा वाटला.

सासूबाई उद्या परत जातात. आता माझं काय काम, म्हणाल्या. नवऱ्याने कोर्ससाठी टाकलेली तीन दिवसांची रजा मागे घेतली.

सोमवार, २४ मार्च. दुपारी ३:४०, कंट्रोल रूम

कोर्सचा पहिला दिवस. उशीरराव तिकडे. म्हणजे तीनला मला सोडवायला कोणी नाही. सकाळी साहेबांचा निरोप आला, तीन दिवस दोन्ही पाळ्या तुम्हीच काढा, सात ते अकरा, घरची अडचण आहे हे माहीत आहे पण दुसरं माणूस नाही. नाही म्हणता आलं असतं. पण त्यांचा आवाज अजून जरा दुखावलेला वाटला.

दहाला फिटरकाका येऊन माझ्या खुर्चीत बसले, मी बॅटरीरूममध्ये जाऊन थांबले. ताई आल्या, रिकाम्या हातांनी. म्हणाल्या, आत्ताच बाटली संपवून झोपला. आता तुम्हाला मध्येच उठायची कटकट नाही, बसा निवांत. रात्री नवऱ्याला सांगा न्यायला, तोवर आहेत दोघं माझ्यापाशी. मी म्हटलं, एकला तरी आणा. त्या हसल्या. झोपमोड कशाला करायची त्याची, म्हणाल्या.

एकला आल्या नाहीत.

अडीचला उशीररावांचा फोन आला. पंप नंबर दोनची एक किल्ली माझ्याच खिशात राहिली म्हणाले. मग म्हणाले, खोली काय झकास आहे हो! एकट्याला मोठा पलंग, पांढरी चादर, जाड पडदे. चिडीचूप. जेवून आडवा झालो तो दुपारचं पहिलं लेक्चर गेलंच की माझं. तुम्ही यायला हवं होतं.

मी म्हटलं, घरात अडचण होती.

खिडकीतून पाळणाघराचं दार दिसतं. बंद आहे. रडणं ऐकू येत नाही.

मला जायचं होतं. केबिनसाठी नाही, त्या पलंगासाठी. दार आतून लावून, कोणाचीही नसल्यासारखी तीन दिवस झोपायचं होतं. दार उघडलंही होतं. आणि ते घर माझ्यावाचून हसत होतं, तेव्हा मला इतकी भीती वाटली की मीच ते लावून घेतलं. मला कोणीही अडवलेलं नाही. हे घरी सांगता येत नाही, साहेबांना सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

नवऱ्याला फोन करून सांगायला हवं, रात्री अकरापर्यंत मी येत नाही. तो पुन्हा साहेबांवर चिडेल.